बाळाला जुलाब लागले तर: जलसंजीवनी कशी करावी आणि कशी पाजावी

घरातल्या लहान मुलाला जुलाब लागले की सगळे जण ते थांबवण्याच्या मागे लागतात. आजी सहाणेवर जायफळ उगाळायला घेते, वडील औषधाच्या दुकानात जाऊन जुलाब बंद होण्याचे औषध मागतात, आणि या धावपळीत मूल मात्र दोन-तीन तास कोरडेच राहते. वास्तविक मुलांचे साधे जुलाब बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप थांबतात. तोवर शरीरातून निघून जाणारे पाणी आणि क्षार तोंडावाटे परत देत राहणे हेच घरच्या माणसांचे काम असते आणि मुलाचा जीव त्यावरच अवलंबून असतो. हे काम घरच्या घरी नीट कसे करावे, ते येथे सांगितले आहे. ही माहिती दोन महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाला जुलाब झाले तर घरी उपचार करत न बसता, वाटेतही अंगावर पाजत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

जुलाब कशाला म्हणायचे, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. चोवीस तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा नेहमीपेक्षा पातळ, पाण्यासारखी शी झाली तर ते जुलाब. केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसातून सहा-आठ वेळासुद्धा पिवळी, पातळसर, मोहरीचे दाणे मिसळल्यासारखी शी करते, कित्येकदा तर दूध पिता पिताच करते. बाळ खेळकर असेल, शू भरपूर होत असेल आणि वजन वाढत असेल तर हा आजार नव्हे, आणि यासाठी आईने स्वतःचे खाणे तोडण्याचेही कारण नाही.

लहान मुलाच्या बाबतीत एवढी घाई का करायची, हे वजनाच्या हिशेबावरून कळते. आठ किलोच्या मुलाच्या वजनाच्या पाच टक्के म्हणजे ४०० मिलिलिटर, जेमतेम दोन पेले पाणी. एवढे पाणी गेले की मुलाचे डोळे खोल जाऊ लागतात आणि ते चिडचिडे होते. ८०० मिलिलिटर गेले तर त्याचा जीव धोक्यात येतो. मोठ्या माणसाला दोन पेले पाणी कमी झाल्याचे जाणवतही नाही, पण जोराचे जुलाब आणि सोबत उलट्या असल्या तर तान्ह्या मुलाला एवढे पाणी गमवायला अर्धा दिवससुद्धा पुरतो. म्हणून पहिली पातळ शी झाली की जलसंजीवनीचे पुडके फोडावे; ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणू नये.

पुडक्यात काय असते

जलसंजीवनी, म्हणजे सगळे जण ज्याला ओआरएस म्हणतात ती पावडर, ही मीठ-साखरच तर आहे, असे म्हणून तिला कमी लेखले जाते. ती मीठ-साखर आहे हे खरे, पण तिचे सगळे काम प्रमाणावर चालते. आपल्या आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेतात आणि त्या जोडीपाठोपाठ पाणी आत शिरते, हे रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले. जुलाब चालू असतानाही आतड्याची ही वाट बहुतांशी उघडी राहते. म्हणून नुसते पाणी पाजले तर त्यातले बरेचसे खाली निघून जाते, आणि तेच पाणी मीठ व ग्लुकोज यांच्या योग्य जोडीसह पाजले की अंगी लागते. साखर फार झाली तर उलट घडते: गोड द्रव आतड्यात पाणी ओढून घेतो आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर रक्तातले सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओने) २००२ मध्ये सुधारलेले आणि आज सर्वत्र वापरले जाणारे प्रमाण एक लिटर पाण्याला असे आहे: साधे मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. पुडक्यावर बारीक अक्षरांत हे लिहिलेले असते आणि विकत घेताना ते वाचावे, कारण औषधाच्या दुकानात त्याच फळीवर गोड, फळांच्या चवीची, कागदी खोक्यातली तयार पेयेही मांडलेली असतात. त्यांतल्या काहींच्या नावातच ‘ओआरएस’ ही अक्षरे असत आणि साखर मात्र कितीतरी पट. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ती अक्षरे वापरण्यास मनाई केली, पण दुकानदाराच्या आणि आपल्या तोंडची सवय एका आदेशाने जात नाही. त्यामुळे नुसते ‘ओआरएस द्या’ म्हणण्याऐवजी ‘डब्ल्यूएचओच्या प्रमाणाची ओआरएस पावडर द्या’ असे मागावे. सरकारी पुडकी प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे विनामूल्य मिळतात. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात ती आधीपासून दोन तरी असावीत, कारण जुलाब बहुधा रात्री दोन वाजता लागतात.

हे काम घरच्या माणसाला जमते याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची (कॉलराची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्या भरून घेतल्या, ते पाणी पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. छावणीतले मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. पाजणाऱ्यांमध्ये चिखलात बसलेल्या आया, बहिणी आणि शेजारणी होत्या. परिचारिका पुरेशा नव्हत्याच.

एक पुडके, एक लिटर

पुडके दोन आकारांत मिळते. मोठे, साधारण २०.५ ते २१ ग्रॅमचे, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. छोटे, साधारण चार-साडेचार ग्रॅमचे, २०० मिलिलिटरसाठी म्हणजे एका पेल्यासाठी असते. कोणते पुडके आपल्या हातात आहे ते आधी वाचावे. सर्वांत जास्त चुका येथेच होतात, आणि त्यांतली एक मी स्वतः केली आहे.

माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना तिला एका रात्री जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एवढेसे मूल लिटरभर पाणी थोडेच पिणार आहे, असा विचार करून मी मोठ्या पुडक्यातली ‘अंदाजे अर्धी’ पावडर एका पेल्यात ढवळली. मुलीने दोन चमचे घेतले, तोंड वाकडे केले आणि तिसरा चमचा हाताने उडवून लावला. सासूबाईंनी वाटीतला थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, हे समुद्राचं पाणी आहे!” हिशेब केला तर अडीचपट तीव्र झाले होते. मुलीने ते नाकारले हे बरेच झाले. तेव्हापासून सासूबाईंचा नियम आमच्या घरात कायम आहे: पाजण्यापूर्वी स्वतः चाखायचे, आणि डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले तर ओतून देऊन नव्याने करायचे.

पुडके कधीही अर्धे-पाव वापरू नये. मूल दिवसभरात लिटरभर प्यायले नाही तर उरलेले ओतून द्यावे. थोड्या पैशांच्या नुकसानीपेक्षा चुकीचे प्रमाण महागात पडते. मोजण्यासाठी सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली. ती स्वच्छ धुऊन काठोकाठ नव्हे, तर ती मुळात जेथवर भरलेली असते तेथपर्यंत भरावी. घरात बाटली नसेल तर एखाद्या पातेल्यात आधीच कधीतरी लिटरभर पाणी मोजून ओतावे आणि पाण्याच्या रेषेवर खिळ्याने ओरखडा काढून ठेवावा. ‘चार-पाच पेले म्हणजे लिटर’ हे मोजमाप धरू नये, कारण प्रत्येक घरातला पेला वेगळा असतो.

हात साबणाने धुवावेत. पाणी खळखळ उकळून झाकून पूर्ण गार होऊ द्यावे. उकळण्याइतका वेळ नसेल तर घरात जे सर्वांत स्वच्छ पिण्याचे पाणी असेल ते घ्यावे, पण पाण्याच्या शुद्धतेसाठी पाजणे लांबवू नये. पुडके कोपऱ्यात कापून सगळी पावडर पाण्यात ओतावी आणि तळाशी दाणा राहणार नाही इतके ढवळावे. त्यात साखर, दूध, लिंबू, फळांचा रस काहीही घालू नये आणि एकदा कालवलेले पाणी पुन्हा उकळू नये. भांडे झाकून ठेवावे, त्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे.

पुडके मिळेपर्यंत घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारून टाकलेला चमचा. सहा महिन्यांवरील मुलाला मीठ घातलेली भाताची पातळ पेज, पातळ ताक, वरणाचे पाणी हेही चालते, आणि ही पेये जलसंजीवनीच्या जोडीला पुढेही देता येतात. कोल्ड्रिंक, डब्यातला रस, नुसती ग्लुकोजची पावडर आणि चहा मात्र देऊ नये.

चमचा आणि घड्याळ

खरे कौशल्य पाजण्यात आहे. तहानलेल्या मुलाच्या तोंडाला पेला लावला की ते घटाघटा पिते आणि पाच मिनिटांत सगळे उलटून टाकते; मग घरचे म्हणतात की याच्या पोटात काहीच ठरत नाही. पोटात ठरते, फक्त वेग चुकलेला असतो. वाटी, चहाचा चमचा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवून बसावे. मुलाला मांडीवर, डोके आपल्या कोपराच्या खळगीत येईल असे अर्धवट उभे धरावे. चमचा खालच्या ओठावर टेकवून थोडा तिरपा करावा, म्हणजे मूल स्वतः ओढून घेते. एक चमचा, मग मिनिटभर थांबायचे, मग दुसरा. हा वेग कंटाळवाणा आणि किरकोळ वाटतो, पण पाच मिलिलिटरचा चमचा मिनिटाला एक या हिशेबाने तासाला ३०० मिलिलिटर पोटात जातात, आणि साध्या जुलाबात एवढे भरपूर झाले.

उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे, या वेळी दोन-तीन मिनिटांना एक चमचा. उलटी झाली म्हणून पाजणे सोडून देणे ही दुसरी मोठी चूक. मूल नको म्हणत असेल तर नाक दाबून, आडवे पाडून ओतू नये. असे पाणी श्वासनलिकेत जाते. अर्धवट ग्लानीत असलेल्या मुलाच्या तोंडातही काही घालू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे. चमच्याला नकार देणारे मूल कधी कधी सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजमधून गालाच्या आतल्या बाजूला सोडलेले थेंब निमूट गिळते. बोंडले घरात असेल तर ते चालते, पण त्याच्या चोचीत बोट जात नाही आणि आत काय साचले आहे ते दिसत नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी उकळावे लागते. दुधाची बाटली तर या कामाला घेऊच नये.

किती द्यायचे, याचा ढोबळ हिशेब प्रत्येक पातळ शीमागे आहे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक वेळी ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक छोटी वाटी. दोन वर्षांवरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला. मुलाला आणखी हवे असेल तर द्यावे. तहान हे येथे बऱ्यापैकी विश्वासू मापक आहे. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर जलसंजीवनी थांबवून अंगावरचे दूध द्यावे, सहा महिन्यांवरील मुलाला साधे पाणीही चालते. सूज उतरली की गरजेप्रमाणे पुन्हा जलसंजीवनी. अंगावर पिणाऱ्या बाळाला नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजत राहावे. सहा महिन्यांखालील, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध आणि जलसंजीवनी याव्यतिरिक्त पाणी, ताक, पेज काहीही देऊ नये.

रात्रीसाठी पाळी लावून घ्यावी. आईनेच जागायचे, ही आपल्याकडची रीत या आजारात घातक ठरते, कारण थकलेल्या आईचा डोळा लागला की तीन-चार तास चमचा थांबतो. आजोबांनाही चमच्याने पाजता येते. त्यांना फक्त घड्याळ दाखवून ठेवावे.

मूल सुकते आहे का

एवढे दिवस डायपर बाजूला ठेवून सुती लंगोट वापरावेत. डायपरमध्ये पाण्यासारखी शी आणि शू दोन्ही मुरतात, आणि शू झाली की नाही हेच कळत नाही. लंगोटावर मात्र दोन्ही वेगळे ओळखता येतात. एका कागदावर शी, उलटी, शू आणि पाजलेल्या वाट्या यांच्या खुणा वेळेसह करत जाव्यात. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर हा मळका कागद तोंडी वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

दर दोन-तीन तासांनी मुलाकडे निरखून पाहावे. रडताना डोळ्यांत पाणी येते का, जीभ आणि ओठांची आतली बाजू ओलसर आहे का, डोळे नेहमीपेक्षा खोल वाटतात का. वर्षाच्या आतल्या बाळाची टाळू बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपावी. ती खोल गेली असेल तर ती अंगातले पाणी कमी झाल्याची खूण आहे. ‘टाळू बसली’ म्हणून तिच्यावर तेल थापण्याची पद्धत जुनी आहे. तेलाने अपाय होत नाही, पण टाळू वर येते ती पोटात गेलेल्या पाण्याने.

पोटाच्या कातडीची चिमटी ही सर्वांत उपयोगी खूण. मुलाला उताणे निजवून, बेंबी आणि कूस यांच्या मधोमध अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडी उभी धरावी. नखे लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी धरायची आणि क्षणभराने सोडायची. निरोगी मुलाची घडी सोडताक्षणी नाहीशी होते. ती डोळ्यांना दिसेल इतकी सावकाश बसत असेल तर मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले आहे, आणि दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच उभी राहिली तर परिस्थिती गंभीर आहे. फार रोडावलेल्या मुलाची कातडी एरवीही सैल असते आणि गुटगुटीत मुलाची पाणी जाऊनही चटकन बसते, म्हणून या एका खुणेवर विसंबू नये. आजारी नसताना एकदा ही चिमटी घेऊन पाहावी, म्हणजे आपल्या मुलाची नेहमीची कातडी कशी असते ते बोटांना ठाऊक होते.

पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. मूल पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही, प्यायलेले सगळेच उलटते, सुस्त पडून आहे, हाक मारली तरी नीट पाहत नाही, झटके आले, शीमध्ये रक्त आहे, उलटी हिरवी आहे किंवा पोट फुगून कडक झाले आहे, सहा तास शू झालेली नाही, ताप चढतो आहे, किंवा तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी शी धो धो होते आहे. वाहन नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि मूल शुद्धीवर असून गिळत असेल तर वाटेतही चमचा चालू ठेवावा. जुलाब चौदा दिवसांहून अधिक चालले तर मूल वरवर बरे दिसत असले तरी तपासून घ्यावे.

दवाखान्यात पोहोचल्यावर ‘आधी सलाइन लावा’ असा आग्रह धरू नये. मूल पिऊ शकत असेल तर डॉक्टर तेथेही जलसंजीवनीच देतात: चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर, म्हणजे आठ किलोच्या मुलाला ६०० मिलिलिटर. बाटली टांगली नाही म्हणून डॉक्टरांवर चिडून दुसरीकडे जाणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या येण्याजाण्यात मुलाचे दोन तास वाया जातात. सलाइन लागते ते मूल पिऊ शकत नसेल किंवा फार सुकले असेल तेव्हा, आणि मग ते डॉक्टर स्वतःहून लावतात.

काय देऊ नये

आतड्यांची हालचाल मंदावणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या मोठ्यांना चालतात, लहान मुलांना नाही. त्यांनी शी दिसायची थांबते, पाणी मात्र फुगलेल्या आतड्यात साचत राहते. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि प्रतिजैविकांचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही. रक्त पडत असेल, पटकीचा संशय असेल तर प्रतिजैविक लागते, पण कोणते आणि किती हे डॉक्टरांनी ठरवायचे. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून पाजू नये, शेजारच्या मुलाला गुण आलेले औषधही आणू नये.

बाळगुटीविषयी बोलले की घरात वाद होतो, तरी सांगणे भाग आहे. जायफळाने मूल पेंगते आणि पेंगणारे मूल पीत नाही. शिवाय ते पेंगते आहे ते गुटीने की पाणी गेल्याने, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. सहाण कोणत्या पाण्याने ओली केली, हा प्रश्न आहेच. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढावी, त्यात दोन मिनिटे जातात. मेळघाटासारख्या भागांत पोटाच्या आजारावर तापलेल्या लोखंडाने मुलाच्या पोटावर चटके देतात, ते मात्र कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये.

दात येताना जुलाब होतातच, या समजुतीमुळे कितीतरी मुले उशिरा दवाखान्यात पोहोचतात. दात येण्याच्या वयातच मूल रांगू लागते, हाती लागेल ते तोंडात घालते आणि वरचे अन्न खाऊ लागते. जंतू पोटात जातात ते या वाटेने. दात त्याच सुमारास येतात, एवढाच दोहोंचा संबंध.

खाणे बंद करू नये

‘पोटाला विश्रांती’ देण्याच्या कल्पनेने मुलाला दोन दिवस पेजेवर ठेवण्याचा प्रघात आहे आणि त्यातून मूल आणखी खंगते. सहा महिन्यांवरील मुलाला मऊ वरणभात, मूगडाळीची खिचडी, खिमट, दहीभात, कुस्करलेले केळे यांपैकी त्याला आवडेल ते थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे आणि त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे. जुलाबातही आतडे बरेचसे अन्न पचवते, आणि पोटात अन्न असले की आतड्याचे अस्तर लवकर भरून येते. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे, म्हणजे गेलेले वजन परत येते.

घरातल्या इतरांना, आणि त्याच मुलाला पुन्हा

आजारी मुलाची शी ही पुढच्या जुलाबांची बी असते. लहान मुलाची शी निरुपद्रवी, असे समजून लंगोट मोरीत खळबळले जातात आणि त्याच मोरीत भाजी धुतली जाते. शी संडासात टाकावी, लंगोट वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्यात घालावेत, आणि धुणाऱ्याने हात साबणाने, नखांसकट धुवावेत. पिण्याच्या पाण्याच्या माठात हात घालून पेला बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचा माठ घ्यावा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करणारी ब्लीचिंग पावडर) टाकते आहे की नाही हे विचारायला संकोच करू नये, आणि आरोग्य कर्मचारी मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली देऊन गेले असतील तर ती फडताळात न ठेवता तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरावी.

दुधाच्या बाटलीबद्दल कायद्यानेच मत दिले आहे: १९९२ च्या कायद्यानुसार भारतात दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. बाटलीच्या बुचाच्या आतल्या कडेला साय धरते आणि तेथे जंतू वाढतात. वाटी-चमचा दोन्ही बाजूंनी घासता येतो. रोटाव्हायरस हे लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे मोठे कारण आहे आणि त्यावरची तोंडावाटे द्यायची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात विनामूल्य मिळते, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. लसीने सगळे जुलाब टळत नाहीत, परंतु रुग्णालयात नेण्याची वेळ आणणारे बरेच टळतात.

झिंकच्या चौदा गोळ्या

जलसंजीवनीसोबत पहिल्या दिवसापासून झिंकही सुरू करायचे असते. आतड्याचे अस्तर भरून येण्यास त्याची मदत होते, जुलाबांचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याची शक्यताही घटते. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात २० मिलिग्रॅमची गोळी देतात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज अर्धी, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज एक, चौदा दिवस. चमच्यात आईचे काढलेले दूध घ्यावे, सहा महिन्यांवरील मुलासाठी उकळून गार केलेले पाणी चालते. त्यात गोळी टाकली की ती अर्ध्या-पाऊण मिनिटात विरघळते. चव किंचित धातूसारखी असते आणि पहिल्या दिवशी मूल ओकू शकते. ओकले तर थोड्या वेळाने पुन्हा द्यावी, शक्यतो खाल्ल्यावर.

अडचण चौथ्या-पाचव्या दिवशी येते. शी घट्ट होते, मूल पुन्हा रांगत सुटते आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारी पडून राहते. पहिली गोळी दिली त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसापासूनच्या चौदा तारखांना पेन्सिलीने गोल करून ठेवावेत आणि गोळी पोटात गेली की त्या गोलावर काट मारावी. अर्धी गोळी देत असाल तर उरलेली अर्धी त्याच पट्टीत दुमडून दुसऱ्या दिवशी वापरावी, म्हणजे सात गोळ्यांत चौदा काटा पूर्ण होतात.